नळीवालीची फुंक

पोल्ट्रीवर तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं नळी तिच्याकडे, म्हणून ती नळीवाली. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी विचारायचा, "ही नळीवाली पाण्याच्या लाइनीवर असते का?" मग सगळे पोट धरून हसायचे आणि त्याला खड्ड्यापाशी घेऊन यायचे. "बघ. पाणी कुठलं सोडते ते."

ही पोल्ट्री टर्कींची. टर्की म्हणजे कोंबडीच्या घराण्यातलं थोराड माणूस. मादी दहा किलोची, नर वीस-बावीसचा. छातीवर मांस चढावं म्हणून पिढ्यानपिढ्या निवडून नर इतके जड करून ठेवलेत की त्यांना मादीवर चढता येत नाही. चढलाच तर मादीची पाठ फाडून ठेवतो. म्हणून जे पक्ष्यांनी आपापसात उरकायचं ते माणसाला करावं लागतं. नराचं बीज काढायचं, पातळ करायचं, काडीएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीत थेंबभर घ्यायचं. नळीचं एक टोक मादीच्या आत दीड इंच सरकवायचं, दुसरं आपल्या ओठांत धरायचं आणि फुंकायचं. आठवड्यातून एकदा, प्रत्येक मादीला, प्रत्येकीला नवी नळी.

ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ द्या. खड्ड्यात एक तास उभा राहिला की जातं.

खड्डा कंबरेएवढा. त्यात दोघी उभ्या. वरून हाकणाऱ्या बाया एकेक मादी पुढे सरकवतात. एकीनं ती उचलायची, पाय डाव्या मुठीत धरायचे, छाती आपल्या मांडीवर टेकवायची आणि उजव्या हातानं पोट असं दाबायचं की आतला मार्ग बाहेर दिसावा. ती धरणारी. दुसरीनं नळी घालायची आणि फुंकायचं. फुंक किती? गरम चहावर घालतो त्याच्या निम्मी. जास्त झाली तर बीज परत बाहेर येतं, कमी झाली तर नळीतच राहतं. हे निम्मं म्हणजे किती, ते कळायला तिला दोन वर्षं लागली होती. दोघींचा हात बसला की मिनिटाला आठ पक्षी. म्हणजे धरणारीच्या हातून मिनिटाला ऐंशी किलो. तासाचा हिशेब ज्यानं उचललंय त्यानं करावा.

धरणारी होती तिची धाकटी जाऊ. घरं एका भिंतीची. सकाळी दोघी बरोबर निघायच्या, दिवसभर एका खड्ड्यात उभ्या राहायच्या, संध्याकाळी बरोबर परतायच्या. नवऱ्यापेक्षा जावेचं तोंड जास्त बघितलं, असं दोघीही म्हणायच्या, आणि दोघीही ते तक्रार म्हणूनच म्हणायच्या.

जावेचा डोळा नळीवर होता. अकरा वर्षं होता. तिनं तो कधी लपवला नाही.

"जाऊबाई, तुम्ही फुंकर मारता आणि मी पैलवानकी करते."

"फुंकायला डोकं लागतं."

"आणि धरायला?"

"कंबर."

"डोकं मलाही दिलंय देवानं. कंबर मात्र चाललीय."

"अजून दोन-चार वर्षं थांब. मी सोडली की तुझीच आहे."

"हे मी तिसऱ्यांदा ऐकतेय."

हे खरं होतं. नळीवालीला नळी सोडवत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस पिचकारी घेऊन आला होता. पिस्तुलासारखी, घोडा दाबला की एक थेंब. तोंड लावायची गरज नाही. तो म्हणाला, आता हे फुंकणं जुनं झालं. ती म्हणाली, मग लावा पैज. तो खड्ड्याच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. त्याचे मिनिटाला तीन झाले, तिचे आठ. तो घामेघूम, मोजे भिजलेले. तिनं नळी कानावर पेन्सिलीसारखी खोवली आणि म्हणाली, "साहेब, पिचकारी रंग खेळायला न्या." पोल्ट्रीवर ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा कामालाच नव्हते. पिचकारी भांडारात गेली ती गेलीच.

त्या वर्षी थंडी सरताना वस्तीत तापाची साथ आली. नाक गळायचं, अंग ठणकायचं, तीन-चार दिवसांत माणूस उठून बसायचं. नळीवालीलाही झालं. तिनं सकाळी एक गोळी घेतली, संध्याकाळी एक घेतली आणि मंगळवारी जुन्या शेडमध्ये खड्ड्यात उतरली. दीड हजार माद्या. नाक चोंदलेलं, म्हणून श्वासही तोंडानंच, फुंकही तोंडानंच. मध्येच खोकला आला की मान वळवून खोकायची आणि पुन्हा नळी ओठांत. एकही पक्षी चुकवला नाही. त्या दिवशी तिला त्याचा अभिमानच वाटला.

पोल्ट्रीवर मास्क होते. पण ते लोक कधी लावायचे? खालचा भुसा बदलताना, धूळ उडते म्हणून. पक्षी मेला तर उचलताना, भीती वाटते म्हणून. आणि स्वतःला सर्दी झाली की काढून खिशात घालायचे, कारण चोंदलेल्या नाकाला मास्क सोसत नाही. हात-पायांचंही तसंच. दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं असायचं. त्यात सगळे पाय बुडवायचे ते बाहेर जाताना. घरी पोरंबाळं आहेत, पक्ष्यांचं काही घरी जाऊ नये. आत जाताना बुडवायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आपल्यापासून पक्ष्याला काय होणार?

सहाव्या दिवशी जुन्या शेडची अंडी घटली. आठव्या दिवशी निम्म्यावर आली. जी येत होती ती पांढुरकी, पातळ कवचाची, हातात घेतली तर अंगठा आत जाईल अशी. पक्षी एकही मेला नाही. थोडे मलूल झाले, थोडं कमी खाल्लं, बस.

मुकादमानं आभाळाकडे बघितलं. मागच्या तळ्यावर रानबदकं उतरली होती. "यांनीच आणलंय," तो म्हणाला आणि दोन माणसं डबे वाजवायला बसवली. बदकं उडायची, एक चक्कर मारायची आणि पुन्हा उतरायची. डबे वाजवणाऱ्यांचे हात दुखले. अंडी काही वाढली नाहीत.

मग पक्ष्यांची डॉक्टरीण आली. वयानं लहान, बोलायला शांत. तिनं पक्ष्यांच्या घशातून आणि मागून कापसाच्या काड्या फिरवून नमुने नेले. दहा दिवसांनी परत आली आणि सगळ्यांना चहाच्या पत्र्याखाली बोलावलं. त्याआधी मुकादम प्रत्येकाच्या कानाला लागून गेला होता. "ताप-बीप कुणाला होता का विचारेल. कुणाला नव्हता. कळलं? एकाला घरी बसवलं तर बाकीच्यांनी दुप्पट करायचं."

डॉक्टरीण म्हणाली, "पक्ष्यांना फ्लू झालाय. पण बदकांचा नाही. हा माणसांचा आहे. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी कुणाला ताप-खोकला होता?"

सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघायच्या होत्या.

नळीवालीनं एकवार मुकादमाकडे बघितलं. हा मुकादम म्हणजे पूर्वी तिच्या हाताखाली ट्रे धुवायचा. डोळे मोठे करायला तिच्याकडूनच शिकला होता.

"मला होता," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"चार. त्यातल्या दुसऱ्या दिवशी दीड हजार पक्षी केले."

"मास्क नव्हता?"

"मास्क लावून नळी कशी फुंकू, बाई? कानानं?"

हशा पिकला. डॉक्टरीण मात्र हसली नाही. तिनं हातातला कागद खाली ठेवला. "फुंकता? तोंडानं?"

"मग कशानं?"

"पोल्ट्रीच्या कागदावर पिचकारी लिहिलीय."

"कागदावर असेल. खरी पिचकारी भांडारात आहे."

आता कुणी हसलं नाही. मुकादम पत्र्याचं छत बघत होता.

डॉक्टरीण तिच्याशी एकटीशी नंतर बोलली. जुन्या शेडची अंडी तीन-चार आठवड्यांत परत येतील, म्हणाली. "मला काळजी नव्या शेडची आहे. तिथं एकोणीसशे माद्या आत्ताच अंड्यावर आल्यात. तिथं अजून काही नाही. बदकांकडे त्यांचा स्वतःचा फ्लू असतो, तो आज ना उद्या आत येऊ शकतो. तेव्हा तुमचा आधीच आत बसलेला असला तर एकाच मादीच्या अंगात दोघं भेटतील. एकमेकांचं उचलतील आणि तिसराच निघेल. तो पक्ष्याला मारील की माणसाला, ते मला आज सांगता येणार नाही. कुणालाच नाही."

"म्हणजे माझ्या फुंकेतून?"

"फुंकेतून, हातातून, खोकल्यातून. पण फुंकेतून सरळ."

एकतीस वर्षं ज्या फुंकेचं कौतुक झालं ती नळीवालीनं घरी पाण्याच्या तांब्यावर घालून बघितली. पाणी हललं. तिनं तांब्यातलं पाणी ओतून दिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मी पक्षी आजारी पाडले."

"तू काय मुद्दाम पाडलेस?"

"मुद्दाम नाही. नीट पाडले. दीड हजारांतला एकही चुकवला नाही."

डॉक्टरिणीनं जाताना तीन गोष्टी लिहून दिल्या. ताप असलेल्यानं शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. आत जाताना पाय बुडवायचे, हात धुवायचे, मास्क लावायचा. आणि नळी बंद, पिचकारी सुरू. मालकानं मान हलवली. मुकादमानंही हलवली. डॉक्टरिणीची गाडी फाटकाबाहेर गेली तशा दोघांच्या माना थांबल्या.

नव्या शेडचं पहिलं रेतन गुरुवारी होतं. पहिलं म्हणजे महत्त्वाचं. ते चुकलं तर अंडी येतात पण रिकामी, पिल्लू धरत नाही.

"नळीनं अर्ध्या दिवसात उरकतं," मुकादम बुधवारी म्हणाला. "पिचकारीनं दोन दिवस. तूच दाखवलंस की, मावशी. आठ आणि तीन."

"दाखवलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता आहे."

"तुझा ताप गेला ना? मग आता काय?"

"माझा गेला. दुसऱ्या कुणाचा येईल. तेव्हा तू डोळे मोठे करशील आणि तो खड्ड्यात उतरेल. मी उतरले तशी."

"म्हणजे तू नळी धरणार नाहीस?"

"नाही."

मुकादमानं खांदे उडवले. "बरं. मग तुझी जाऊ धरेल."

तो गेला. ती तिथंच उभी राहिली. जावेला सकाळपासून खोकला होता. ती दिवसभर खाकरत होती, पदर तोंडाला लावत होती आणि विचारलं की भुशाची धूळ म्हणत होती. त्या दिवशी भुसा बदललाच नव्हता.

संध्याकाळी घरी जाताना तिनं जावेच्या कपाळाला हात लावला. जावेनं हात झटकला.

"तापली आहेस तू."

"चुलीपाशी होते."

"आत्ता तर आपण दोघी बरोबर चालतोय. चूल कुठून आली?"

"जाऊबाई, मुकादमानं मला नळी दिलीय. उद्या. नव्या शेडला."

"माहीत आहे."

"अकरा वर्षांनी."

"तेही माहीत आहे. उद्या येऊ नकोस. ताप जाऊ दे."

जाऊ रस्त्यातच थांबली. "कळलं मला. तुम्हाला धरायची नाही आणि मला धरू द्यायची नाही. स्वतः तापात दीड हजार केले तेव्हा डॉक्टरीण नव्हती. माझी पाळी आली तेव्हा आली."

"मी केलं ते चुकलं."

"तुमचं चुकलं तरी नळीवाली तुम्हीच. मी बरोबर वागले तरी धरणारीच."

जावेचं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि तरी उद्या तिनं खड्ड्यात उतरायचं नव्हतं. नळीवालीला हेही दिसत होतं की आपण जावेला अडवलं आणि नळी तशीच राहिली, तर आठ दिवसांत ती पुन्हा आपल्याच ओठांत येणार. मग जाऊ म्हणाली ते जन्मभर खरं राहणार. आणि पुढच्या साथीत पुन्हा तेच.

"मी येणार," जाऊ म्हणाली आणि आपल्या दारात शिरली. कडी लावल्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

गुरुवारी नळीवाली कामाच्या वेळेआधी पाऊण तास पोल्ट्रीवर पोचली. पाखरं उठली होती, उजेड नीट आला होता. रखवालदारानं विचारलं, "आज लवकर?" ती म्हणाली, "काम जास्त आहे." भांडारातून नळ्यांचं खोकं काढलं. चाळीस गड्ड्या, प्रत्येकीत पन्नास. खाद्याची पोती उघडायची मोठी कात्री घेतली. पिचकारी काढली, गरम पाण्यानं तीनदा धुतली, घोडा दाबून बघितला. अडकत होता. खोबरेलाचा थेंब सोडला, सुटला.

मग उलट्या क्रेटवर बसली आणि नळ्या कापायला घेतल्या.

पन्नास नळ्या एकदम कापणं हे कापड कापण्यासारखं नाही. प्लॅस्टिक चिवट, गोल, कात्रीखालून सटकतं. तिनं गड्डी दोन्ही टोकांना दोऱ्यानं आवळली, मांडीखाली दाबली आणि कात्रीचा दांडा दोन्ही हातांनी मिटवला. एका गड्डीला तीन दाब. आठव्या गड्डीला अंगठ्यावर फोड आला. पंधराव्या गड्डीला फुटला. तिनं पदराची चिंधी गुंडाळली आणि सोळावी घेतली. प्रत्येक नळी मधोमध कापली, वाकडी नाही. अर्धी नळी ओठांत धरून फुंकायची म्हटलं तर नाक मादीच्या शेपटीत जाईल. पण पिचकारीच्या टोकावर ती घट्ट बसत होती, जणू त्यासाठीच केली होती. हे तिनं कापायला बसण्याआधी एका जुन्या नळीवर बघून ठेवलं होतं.

लोक आले तेव्हा पस्तीस गड्ड्या झाल्या होत्या. मुकादम दारातच उभा राहिला.

"मावशी! हे काय केलंस?"

"मापात आणल्या."

"अगं वेड लागलंय का तुला? सगळ्या?"

"पाच गड्ड्या राहिल्यात. थांब, होतात."

त्यानं कात्रीला हात घातला. तिनं कात्री सोडली नाही. तो चाळिशीचा, ती अठ्ठावन्नची, पण त्यानं गेली दहा वर्षं हजेरी घेण्यापलीकडे काही उचललं नव्हतं. दोनदा ओढून त्यानं सोडून दिली.

त्याच्यामागे जाऊ उभी होती. चेहरा लाल, ओठ कोरडे, डोळ्यांत पाणी. तापाचं की रागाचं, दोन्हीचं.

"बघा," ती सगळ्यांना म्हणाली. "बघा, मला मिळू नये म्हणून कापल्या."

"तुला मिळू नये म्हणून, आणि मलाही," नळीवाली म्हणाली. "आता कुणालाच नाही. तू तापानं उभी राहू शकत नाहीयेस. घरी जा. पडून राहा. मी तुझ्या दारात पेज ठेवून आलेय."

"मला नको तुमची पेज."

"नको तर सांडून टाक. पण घरी जाऊन सांड."

जाऊ खोकली. कुणी तरी, बहुधा हाकणाऱ्या बायांपैकी एक, दोन पावलं मागे सरकली. मग दुसरी सरकली. जावेनं ते बघितलं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि फाटकाकडे चालू लागली. नळीवालीला तिच्या मागे जावंसं वाटलं. गेली नाही. आत एकोणीसशे माद्या होत्या.

"आता धरणार कोण?" मुकादम ओरडला. "धरणारी घालवलीस!"

"तू."

"मी?"

"तुला अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांत होतं याचं दुःख आहे ना? मग तू धर. दीड दिवसात करू. आधी हात धू. पाय बुडव. आत जाताना, बाहेर येताना नाही. आणि नाक झाक, मास्क हनुवटीला लावायला दिलेला नाही."

सगळे बघत होते. मुकादम खड्ड्यात उतरला.

पहिल्या दहा माद्यांनी त्याला काय काम असतं ते शिकवलं. पहिलीनं पंखानं थोबाडीत दिली. तिसरी हातातून सुटली. सातवीनं त्याच्या शर्टावर घाण केली. नळीवाली काही हसली नाही. "पाय वर नाही, मागे ओढ. छाती मांडीवर. पोट दाब, चिमटू नकोस. ती तुझ्यावर ओरडली नाही तर बरोबर दाबलंस." ती अर्धी नळी पिचकारीवर चढवायची, आत सरकवायची, घोडा दाबायची, नळी काढून टोपलीत टाकायची. पहिल्या तासात मिनिटाला दोन झाले. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या माणसापेक्षाही कमी. तिचा हात फुंकेच्या तालावर जात होता आणि तो ताल आता उपयोगाचा नव्हता. ओठ आपोआप गोल व्हायचे. मास्कच्या आत, कुणाला न दिसता.

दुपारी साडेतीन झाले मिनिटाला. मुकादमाच्या दंडांवर नखांचे ओरखडे, पाठ वाकडी.

"ही अकरा वर्षं हे उचलत होती?" तो धापा टाकत म्हणाला.

"याच्या दुप्पट वेगानं."

"बोलली नाही कधी."

"रोज बोलायची. मला."

संध्याकाळपर्यंत एक हजार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आला. खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. नळीवालीनं मान वर केली.

"मालक, पाय बुडवलेत?"

मालकानं आपल्या बुटांकडे बघितलं. घमेलं दारात कोरड्या काठांनी बसलं होतं.

"बाहेर जाऊन बुडवून या. मग बोला."

मालकाला असं कुणी बोललं नव्हतं. तो बाहेर गेला. सगळ्यांना वाटलं परत यायचा नाही. आला. बूट ओले, चेहरा आवळलेला.

"नळ्या तुम्ही कापल्या, बाई?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायचं होतं? तुम्ही डॉक्टरिणीला हो म्हणालात. मी तुमचं हो खरं केलं."

"मी दुसऱ्या मागवू शकतो."

"मागवा. जितक्या मागवाल तितक्या कापीन. अंगठा दुसराही आहे." तिनं चिंधी गुंडाळलेला हात वर केला, पिचकारीसकट. "आणि मला काढून टाकायचं तर आज संध्याकाळी काढा. आत्ता नाही. नऊशे राहिलेत. मुकादमाचा हात आत्ता कुठे बसलाय."

मालकानं मुकादमाकडे बघितलं. मुकादमाच्या काखेत मादी होती, तोंडावर मास्क, कपाळावर पीस चिकटलेलं. त्याच्याकडून मालकाला काही मदत मिळण्यासारखी नव्हती. मुकादम एवढंच म्हणाला, "पुढची सोडा गं!"

दुपारी चारला शेवटची मादी झाली. दीड दिवस म्हणाली होती, पावणेदोन लागले. चूक तिनं कबूल केली. तिला कुणी काढलं नाही. ठेवलं असंही कुणी सांगितलं नाही. ती दुसऱ्या दिवशी आली आणि कामाला लागली, कारण काम होतं.

नव्या शेडची अंडी टिकली. पहिला आठवडा गेला, ताप गेला, खोकला गेला, जाऊ परत आली. त्या आठ दिवसांत भिंतीपलीकडून ती एक शब्द बोलली नव्हती. पेजेचं भांडं मात्र दुसऱ्या दिवशी धुऊन दारात ठेवलेलं होतं.

पुढच्या गुरुवारी दोघी खड्ड्यापाशी आल्या. दोघींनी पाय बुडवले, हात धुतले, मास्क लावले. नळीवालीनं पिचकारी तिच्यापुढे धरली.

"घे."

जावेनं हात मागे नेला. "मला नळी हवी होती. ही नको. ही काय, कुणीही मारेल. मुकादमसुद्धा."

"हो. कुणीही."

"मग त्यात काय राहिलं? अकरा वर्षं कशाची वाट बघितली मी?"

"माझी एकतीस गेली. तुझ्यापेक्षा वीस जास्त." नळीवालीनं पिचकारी तशीच धरून ठेवली. "आता जी तापेल ती घरी बसेल आणि तिच्याजागी कुणीही उभं राहील. एकीवाचून अडतंय म्हणून तापात खड्ड्यात कुणी उतरणार नाही. मी नाही, तू नाही, तुझी सून आली तर तीही नाही."

"मी अजून रागावलेय."

"रागाव. नको म्हणत नाही. पण पिचकारी धर, माझी कंबर बघायची आहे मला. तुझ्याएवढी आहे का."

जावेनं पिचकारी घेतली. घोडा दोनदा हवेत दाबून बघितला, चेहरा कडू करून. नळीवाली खड्ड्यात धरणारीच्या जागेवर उतरली, पाय फाकवून उभी राहिली आणि वर हात केला. पहिली मादी आली. दहा किलो, सगळं वजन डाव्या मनगटावर. तिच्या तोंडून नको असताना आवाज निघाला.

"पाय वर नाही, जाऊबाई," जाऊ म्हणाली. "मागे ओढा. आणि चिमटू नका तिला."

नळीवालीनं मागे ओढले. अजून अठराशे नव्व्याण्णव होत्या.